पुष्कराज आणि जवळचा नंबर

३ मार्च, सोमवार. सकाळी ७.१०

आजपासून रोजनिशी. वही चांगली आहे, पण रेघा इतक्या फिकट छापल्यात की असून नसल्यासारख्या. हल्ली कुणालाच कामाचं काही वाटत नाही.

संकल्प: रोज लिहायचं. खरं लिहायचं. चिडचिड बंद. वही कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली साखरेच्या डब्यामागे. ही बिनसाखरेचा चहा घेते, त्यामुळे तिचा हात तिकडे जाण्याचा प्रश्नच नाही. एवढा विचार करावा लागतो माणसाला.

हिच्या अंगठीचं काम आलंय. ही ड्रायक्लीनिंगच्या दुकानात मागच्या खोलीत रफूला बसते. शनिवारी कुणाच्या तरी कोटाच्या अस्तरात अंगठी अडकली आणि दगड धरून ठेवणारं एक नख वाकडं झालं. दगड म्हणजे पिवळा पुष्कराज. सासूबाईंचा. त्या गेल्या वर्षी गेल्या, आणि मेहुणीने, थोरली असून, अंगठी हिला दिली. तेव्हापासून ही ती फक्त झोपताना काढते.

म्हणाली, तेवढं एक नख दाबून आणा. सत्तावीसला माझा वाढदिवस, ताई येणार आहे, तिला आईची अंगठी माझ्या हातात दिसली पाहिजे. आणि दगडाला हात लावू नका. मी म्हटलं, लावला तर काय विरघळेल का? म्हणाली, तुम्ही लावला की काही ना काही होतं. दगडाच्या कडेला एक बारीक टवका आहे म्हणे, आईचा हात नळावर आपटला होता तेव्हाचा. तिथे धागा अडकतो. मी बघितलं. टवका-बिवका काही नाही. लोकांना आठवणी दगडात दिसतात.

मग नेहमीचं. डोळे तपासून घ्या. पेपर एवढा लांब धरता, उद्यापासून मीच तो घेऊन समोरच्या गॅलरीत उभी राहते. मी हसलो नाही. चष्म्याचं दुकान आहे माझं. सव्वीस वर्षं. अर्ध्या गावाचे नंबर मी काढलेत. एक्कावन्न पूर्ण झाली आणि अजून चाळिशी लागलेली नाही. जवळचा चष्मा ज्यांना लागतो त्यांना लागतो.

४ मार्च, मंगळवार. दुपारी

फ्रेमचे स्क्रू हल्ली फार लहान येतात. सकाळपासून चार पडले. काउंटरवरच्या बाईंनी न बोलता लोहचुंबक आणून समोर ठेवलं. अकरा वर्षं आहेत दुकानात. कामाला चोख, पण न बोलण्यात फार बोलतात.

टेबलावरचा बल्ब बदलला. नऊ वॅटचा होता, बाराचा लावला.

अंगठी खिडकीशी नेऊन बघितली. हात पूर्ण लांब करून, म्हणजे योग्य अंतरावरून. धक्काच बसला. दगडात धूर आहे! आत कुणी दुधाचा थेंब सोडावा तसं.

तासभर फोनवर वाचलं. (फोनची अक्षरं दोन बोटांनी ताणून मोठी करावी लागतात. बनावटीतलाच दोष.) पुष्कराज दोन तऱ्हेचे. एक जमिनीतून निघाला तसा. दुसरा भट्टीत सोळाशे-सतराशे अंशांवर तापवून रंग खुलवलेला. काही लोक दुसरा पहिल्याच्या नावाने विकतात. न तापवलेल्यात भिंगातून बारीक, लांब, अखंड सुया दिसू शकतात, असं तज्ज्ञ म्हणतात. भिंग मी वापरत नाही. भिंग म्हणजे चष्म्याचा सख्खा भाऊ, एकदा घरात घेतला की हलत नाही. नुसत्या डोळ्यांनी बघितलं. सुई एक नाही. निष्कर्ष: तापवलेला. धूर त्याचाच. भट्टीत गेल्यावर धूर होणारच.

बिचाऱ्या सासूबाई. चाळीस वर्षं फसवणूक बोटात घालून हिंडल्या.

हिला इतक्यात सांगायचं नाही. मनाला लावून घेईल.

६ मार्च, गुरुवार. संध्याकाळी ७

नोटा तपासायचा निळा टॉर्च आणला. बाथरूममध्ये अंधार करून प्रयोग. माझा बनियन चमकला. टूथब्रश चमकला. दात चमकले, खालचे दोन सोडून, त्याचं कारण कळलं नाही. दगड जर्दाळूसारखा केशरी पेटला. याचा अर्थ उघड आहे. खऱ्या दगडाने बनियनच्या पंगतीला बसायचं कारण नाही.

ही बाहेरून म्हणाली, अहो, आत काय चाललंय, अर्धा तास झाला. म्हटलं, काम. म्हणाली, दिवा घालवून? म्हटलं, काही गोष्टी अंधारातच दिसतात. म्हणाली, मग तुम्हाला तिथेच ठेवते.

८ मार्च, शनिवार

चैन पडत नाही. पहाटेपासून घरात फेऱ्या. गॅलरी, स्वयंपाकघर, गॅलरी. शेवटी हिने हातात केरसुणी दिली, म्हणाली, फिरताच आहात तर. झाडलं. झाडता झाडता निर्णय झाला.

सासूबाईंचा दगड बदलून अस्सल, न तापवलेला पुष्कराज बसवायचा. तोच आकार, तीच अंगठी. सत्तावीसला मेहुणीसमोर सगळं सांगायचं. ही रडेल. मी म्हणेन, त्यात काय एवढं.

दुपारी जवाहिरांच्या गल्लीत गेलो. पहिल्या दुकानदाराने सुरुवातच प्रमाणपत्रापासून केली. म्हणाला, नुसतं बघून कुणीच सांगू नये साहेब, आम्हीसुद्धा नाही सांगत. लॅबचा कागद मागा. मी म्हटलं, कागद लागतो तो डोळे नसलेल्यांना. त्याने पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली. त्याच्या नाकावर जाडजूड चष्मा होता हे दुकानाबाहेर आल्यावर लक्षात आलं.

१२ मार्च, बुधवार. दुपारी ४

झालं! घेतला!

गल्लीच्या टोकाला एक म्हातारा जवाहीर आहे. एक वाक्य पूर्ण करायला त्याला मध्ये पाणी प्यावं लागतं. मी त्याचं नाव सावकाश ठेवलंय. पांढऱ्या कागदावर पाच पुष्कराज मांडले. दोन धुरकट होते, ते मी बोटाने बाजूला सारले. सावकाश म्हणाला, साहेब, हे जरा झोपाळू दिसतात खरे, पण... मी त्याला पुढे बोलू दिलं नाही. उरलेल्यांत एक असा, की बघत राहावं. दुपारच्या उन्हासारखा पिवळा, आरपार स्वच्छ. टॉर्च मारला. ढिम्म. शांत. खानदानी माणसासारखा. म्हटलं, हाच.

मग सासूबाईंचा दगड काढून दिला, म्हटलं, हा बदल्यात घ्या. सावकाशने भिंग डोळ्याला लावलं ते बराच वेळ काढेचना. मग म्हणाला, हा देऊ नका साहेब. आधी लॅबमध्ये दाखवा, दोन गल्ल्या सोडून एक बाई आहेत. मी मनात हसलो. घ्यायच्या मालाला नावं ठेवायची ही जुनी रीत. हा कौतुक करून गोंधळवतोय. हटून बसलो. शेवटी म्हणाला, बरं. पण महिनाभर पुडीत ठेवतो, विकत नाही. मन बदललं तर या.

बिल पुढे केलं. म्हणाला, वाचून सही करा. खालची ओळ मुद्दाम वाचा. मी बिल घेतलं, योग्य अंतरावर धरलं, पुरेसा वेळ मान हलवली आणि सही केली. म्हणाला, म्हणजे चालेल ना तुम्हाला? म्हटलं, चालेल काय, धावेल.

बिल याच पानात ठेवतो. सत्तावीसला उपयोगी पडेल.

१५ मार्च, शनिवार

अंगठी तयार होऊन आली. दृष्ट लागेल अशी. हिने विचारलं, नख दाबून झालं का? म्हटलं, सोनाराकडे गर्दी आहे. हिने सुईत दोरा ओवला. मग म्हणाली, बरं. या बरं-मध्ये काहीतरी होतं. दोनतीन दिवस गप्पगप्प आहे. रफूचं काम वाढलं असेल.

दुकानात एक गिऱ्हाईक चष्मा परत घेऊन आलं. सव्वाचा नंबर लिहिलेला, भिंग पावणेदोनचं बसलं. नंबर वाचून ऑर्डर मीच दिली होती. म्हणालं, पायऱ्या उतरताना पोटात ढवळतं. बल्बचा दोष. आता अठरा वॅटचा लावला. बाई म्हणाल्या, सर, यापुढे टेबलावर सूर्यच आणावा लागेल.

पेपरच्या संपादकांना पत्र लिहिलं की तुम्ही अक्षर लहान केलंय ते वाचकांच्या लक्षात आलेलं आहे.

१९ मार्च, बुधवार. कितीही वाजोत

लिहू का नको.

खरं लिहायचं असा संकल्प आहे. लिहितो.

मेहुणीचा स्वभाव संशयी. सांगितलं तर म्हणेल, कशावरून? म्हणून तिच्यासाठी, माझ्यासाठी नव्हे, लॅबच्या बाईंकडे नवी अंगठी घेऊन गेलो. चाळिशीतल्या बाई, केसांत पेन्सिल खोचलेली. खोलीत एक टेबल, एक सूक्ष्मदर्शक, खिडकीत मनी प्लांट. दगड खाली ठेवून चाकं फिरवली, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाल्या, सुंदर आहे. खाणीतलाच. तापवलेला.

मी म्हटलं, पुन्हा बघा. म्हणाल्या, तुम्हीच बघा. मला खुर्चीत बसवलं, डोळा लावायच्या नळीची कडी माझ्या डोळ्याप्रमाणे फिरवली. आणि काय सांगू. लख्ख. एक इवलासा खडा आणि त्याच्याभोवती गोल चकती, पाण्यात थेंब पडल्यावर उठते तशी. बाजूला सुया, पण तुटलेल्या, ठिपक्याठिपक्यांच्या. बाई म्हणाल्या, उष्णतेने असं होतं. इतकं स्वच्छ मला गेल्या कित्येक दिवसांत काही दिसलं नव्हतं. यंत्र महागाचं असणार. बाईंनी कडीवरचा आकडा बघितला आणि विचारलं, चष्मा घरी विसरलात का?

मी विषय बदलला. म्हटलं, मला एक सांगा, एखाद्या पुष्कराजात धूर असेल, टॉर्चखाली जर्दाळूसारखा पेटत असेल, तर तो नक्की भट्टीतला ना? बाईंनी केसांतली पेन्सिल काढून हातात घेतली. म्हणाल्या, न बघता सांगणार नाही. पण तो धूर बहुतेक अतिशय बारीक सुयांचा असेल. आम्ही त्याला रेशीम म्हणतो. भट्टीत गेला की ते विरघळून दगड स्वच्छ होतो. आणि तो केशरी उजेड तर न तापवलेल्याचीच चांगली खूण. कुठे आहे हो तो दगड?

म्हटलं, एका ओळखीच्यांकडे होता.

म्हणाल्या, त्यांना म्हणावं, सोडू नका.

मी जरा आवाज चढवून म्हटलं, पण हा तापवलेला मला न सांगता विकला त्याचं काय? म्हणाल्या, तापवलेला म्हणजे खोटा नव्हे, फक्त घेणाऱ्याला सांगायला हवं. बिलावर काय लिहिलंय?

२० मार्च, गुरुवार. सकाळी ११

बिल खिडकीत धरून बघितलं. खालच्या ओळीत मुंग्या चालल्यासारखं काहीतरी आहे. अटी असतात.

सावकाशकडे गेलो. घाबरायचं कारण नाही. दगड पुडीत आहे. म्हटलं, मन बदललं. तो म्हणाला, वाटलंच. पुडी उघडली, पांढऱ्या कागदावर सात पिवळे दगड मांडले. सगळे जवळपास एकाच आकाराचे. वजनाच्या चिठ्ठ्या काढायला लागला. मी म्हटलं, चिठ्ठ्या कशाला, आमच्या घरातला दगड आहे, मी ओळखतो.

पहिला उचलला. सावकाशने तराजूवर ठेवला, मान हलवली. दुसरा उचलला. मान हलली. तिसरा अगदी खात्रीने उचलला, खिडकीत नेला, परत आणला. तो म्हणाला, साहेब, बसा.

बसलो.

पाणी प्यायला. मग म्हणाला, ही परीक्षा नाही. पण हा दगड तुमच्या सहीने आला असला तरी ज्यांच्या बोटातला आहे त्यांच्या हातात जाईल. त्यांना घेऊन या. मी म्हटलं, तिला यातलं काही माहीत नाही. सावकाशने पुडी बांधायला घेतली. बांधतच राहिला. तोंड वर केलं नाही.

वर्षभर ही अंगठी रोज समोर होती. चहाचा कप पुढे करताना, दाराची कडी काढताना. आणि सातांतला एक ओळखता येऊ नये.

उजेड कमी होता त्याच्या दुकानात.

२२ मार्च, शनिवार

योजना १: काही सांगायचं नाही. नवा दगड घातलेली अंगठी द्यायची, म्हणायचं, सोनाराने पॉलिश केलंय म्हणून चमकते. माणसं धुतल्यावर वेगळी दिसतात, दगड का नाही?

योजना २ नाही.

दिली. हिने गळ्यातल्या दोरीचा चष्मा डोळ्यांवर चढवला. (बेचाळिसाव्या वर्षापासून लावते. लाज म्हणून नाही.) अंगठी दोनदा फिरवली. छान चमकतेय, म्हणाली. आणि बोटात न घालता शिवणाच्या डब्यात ठेवली, रिळांच्या मध्ये. पसंत पडली असावी. जपून ठेवायची असेल.

जेवण गेलं नाही. दुपारभर फेऱ्या. आज केरसुणीसुद्धा दिली नाही.

२४ मार्च, सोमवार

आज सांगणार होतो. पण हिचं डोकं दुखत होतं. म्हणजे दुखत असावं, विचारलं नाही.

मेहुणीचा फोन. माझ्याशी पण बोलली. म्हणाली, भावजी, आईची अंगठी हिच्या हातात बघितली की मला बरं वाटतं, आई कुठे गेली नाहीये असं वाटतं. मी म्हटलं, हो हो. फोन ठेवला.

उद्या. नक्की. सकाळी चहाच्या आधी.

२५ मार्च, मंगळवार. संध्याकाळी ६

चहाच्या आधी जमलं नाही. चहाच्या नंतरही नाही. ही कामावर निघाली, जिन्यापर्यंत गेली, तेव्हा मागे धावत जाऊन, एका पायात चप्पल, सांगितलं. सगळं. धूर, टॉर्च, बनियन, सात दगड. मधेच शेजारच्यांचं दार उघडलं आणि लगेच बंद झालं.

वाटलं होतं ओरडेल. ओरडली नाही. म्हणाली, बिल वाचलंत का? म्हटलं, वाचलं म्हणजे, धरलं होतं. म्हणाली, आणा. वहीच्याच कुठल्यातरी पानात असेल. हिचा अंदाज कधी चुकत नाही. आणलं. जिन्यात उभं राहून तिने खालची ओळ मोठ्याने वाचली: वरील पुष्कराज नैसर्गिक असून उष्णतेची प्रक्रिया केलेला आहे, हे ग्राहकास सांगितले आहे. आणि खाली माझी सही. झोकदार.

म्हणाली, म्हणजे त्या माणसाने सांगितलं, लिहून दिलं. मी कोट रफू करते, तेव्हा रफू दिसणार नाही असं करते. पण कोट नेणाऱ्याला जागा दाखवून देते. त्यानेही तेच केलं. तुम्हीच बघायला तयार नव्हतात.

मग तिने दुकानात निरोप पाठवला की उशिरा येते, आणि आम्ही सावकाशकडे गेलो. तो उठून उभा राहिला. हिला खुर्ची दिली, चहा मागवला, हिच्यासाठी बिनसाखरेचा. जवाहिराची नजर! न विचारता ओळखलं.

सात दगड मांडले. मी म्हटलं, खिडकीशी ने. ही म्हणाली, तुम्ही गप्प बसा. पर्समधून रेशमाचा एक धागा काढला. एकेक दगड चिमट्यात धरून धागा त्याच्या कडेवरून ओढायला लागली. पहिल्यावरून सुळकन गेला. दुसऱ्यावरून गेला. पाचव्या दगडाला अडकला. ताणला तरी सुटेना.

टवका.

हिने तो दगड तळहातावर घेतला. धागा तसाच अडकलेला, बोटाला गुंडाळून बसली. सावकाश पाणी प्यायला. मी बाहेर जाऊन गल्लीच्या टोकापर्यंत चालून आलो. धूळ फार आहे त्या गल्लीत, डोळ्यांत जाते.

२७ मार्च, गुरुवार. दुपारी ३

नवा दगड सावकाशने परत घेतला. जुना अंगठीत, अंगठी हिच्या हातात. मेहुणी आली, तिने तो हात बराच वेळ स्वतःच्या हातात धरून ठेवला. माझं भाषण झालं नाही. कुणी मागितलं नाही.

हिची अट एकच होती, ती काल पूर्ण झाली. स्वतःच्या दुकानात, स्वतःच्या खुर्चीत बसलो, आणि काउंटरवरच्या बाईंनी वाचायचं कार्ड हातात दिलं. तिसऱ्या ओळीशी अडलो. म्हटलं, कार्ड जुनं झालंय. बाई म्हणाल्या, सर, नवं आहे, गेल्या महिन्यात तुम्हीच आणलंत. अधिक दोन. दोन्ही डोळे. बाईंनी पावती केली, गिऱ्हाइकाचं नाव मोठ्या अक्षरांत लिहिलं.

मेहुणीने विचारलं, भावजी, चष्मा कधी लागला? म्हटलं, कालच. ही म्हणाली, नऊ वर्षांपूर्वी.

त्या दोघी गॅलरीत बसल्यात म्हणून चष्मा लावून ही वही पहिल्यापासून वाचायला घेतली. रेघा ठळक आहेत. माझं अक्षर त्यांच्यावर कुठेच नाही. वर चढलंय, खाली उतरलंय, दोन ठिकाणी समासातून बाहेर गेलंय.

आणि समासात, पेन्सिलीने, सुईच्या टाक्यांएवढ्या बारीक अक्षरात, जवळजवळ रोज:

३ मार्चला. साखरेचा डबा मीच पुसते.

४ मार्चला. धूर नाही हो. डोळे.

६ मार्चला. ते दोन दात कॅपचे आहेत.

१२ मार्चला जरा मोठं. दगड देऊन आलात. उद्या जाऊन तो बाजूला ठेवायला सांगते. बाकी काही विचारणार नाही. तुम्हीच सांगा.

१५ मार्चला. आज सांगाल वाटलं होतं.

१९ ला. आज तरी.

२२ ला. नाही ना.

२४ ला नुसता एक ठिपका. पेन्सिल टेकवून उचललेली.

२५ ला. सांगितलंत.

पुढे आणखी काहीतरी लिहून खोडलंय. चष्मा काढून बघितलं, लावून बघितलं, खिडकीत नेलं. वाचता येत नाही. हिला विचारणं शक्य नाही, कारण मी ही वही कुणाला दाखवत नाही.

पेन्सिलीला टोक करून वहीत ठेवलंय. किल्ली साखरेच्या डब्यामागे.